नापिवळी

ओल्द्रिखने प्लास्टिक उचललं आणि त्याला चिकटून ती फुलझाडाची उशीही वर आली. आधी त्याला वाटलं, कुठून तरी उडून आलेली कुजकी पानं असतील. मग वास आला, फ्रीजच्या तळाशी विसरलेल्या कोबीचा येतो तसा, आणि त्याने हातातलं सगळं होतं तसं परत ठेवून दिलं. झाकण बसवलं, कडेचे दगड लावले, जणू काही उचललंच नव्हतं. मार्चमधली सकाळ होती, ऊन चांगलं पडलं होतं. शेजारच्या बागेत यार्मिला सफरचंदाच्या फांद्या छाटत होती आणि तिच्या कात्रीचा आवाज थांबून थांबून येत होता. तिने पाहिलं तर नाही ना, हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार. बायकोचं, लिबुशेचं, शेवटचं झाड आपल्या हातून मेलं, हा दुसरा. पहिला आधी आला याची त्याला दिवसभर लाज वाटत राहिली. खोपटात जाऊन त्याने कॉफीसाठी पाणी ठेवलं, ते उकळून आटलं, पुन्हा ठेवलं. खिडकीतून ते प्लास्टिक दिसत होतं. उन्हात चमकत होतं. गेल्या वर्षी याच दिवसांत त्या जागी लिबुशे पालथी पडून फुलं बघत होती. तेव्हाही ती आजारीच होती, पण ते तिला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं.

ब्रनो या चेक शहराच्या त्या उतारावर ओळीने लहान लहान बागा आहेत, प्रत्येकीत एक लाकडी खोपटं. बाकीच्या बागांत बटाटे, स्ट्रॉबेरी, कांदे. लिबुशेच्या बागेत दगड. चुनखडीच्या चपट्या लाद्या तिने उभ्या रोवल्या होत्या, एकीला एक खेटून, मधे बोटभर फट ठेवून, आणि त्या फटींत उंच डोंगरांवरची फुलझाडं लावली होती. ही झाडं एका हंगामात मरत नाहीत, वर्षानुवर्षं तिथल्या तिथे राहतात, फक्त उंच होत नाहीत. दगडाला घट्ट धरून उशीसारखी पसरतात. दगड ओल्द्रिखने आणले होते. खाणीवरून जुन्या स्कोडाच्या डिकीत भरून, मग चढावर हातगाडीने. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. वजन कसं उचलायचं हे त्याला कळत होतं. झाडं कळत नव्हती. लिबुशे शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दिवसभर शंभर पोरांचं सूप ढवळून ती इथे यायची आणि बारीक ब्रशने एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावायची. बर्फ पुरतं वितळायच्या आत फुलणारी, खरखरीत चंदेरी पानांची ती उशी अशीच तिच्या हातून जन्मली होती. आई पिवळी, बाप पिवळा, सगळी भावंडं पिवळी. ही फुलली तेव्हा लिबुशे ओरडली होती, "ओल्दा, ही पिवळी नाही!" तो शिडीवर होता, खोपटाच्या छपराला खिळे ठोकत. तो म्हणाला, "मग काय निळी आहे?" रंग खरं म्हणजे काय होता हे त्याला आजही सांगता आलं नसतं. जर्दाळू पिकायला लागतं तेव्हा त्याची उन्हाकडची बाजू असते, तसा काहीसा. पण तेव्हा तो शिडीवरून उतरलाच नाही. नंतर पाहू म्हणाला. तिने त्या झाडाला नापिवळी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव तसंच राहिलं. जगात एवढी एकच होती. तिला ती चांगली मोठी होऊ द्यायची होती, मग प्रदर्शनात न्यायची, मग फुटवे काढून लोकांना वाटायचे. सगळं नंतर. हा नंतर शब्द घरात दोघंही वापरत असत, पण तिच्या नंतरमध्ये काम असे आणि त्याच्या नंतरमध्ये काहीच नसे.

झाकण त्यानेच घातलं होतं, डिसेंबरात. लिबुशे दरवर्षी नापिवळीवर फक्त एक काच ठेवायची, चार दगडांवर, चारी बाजूंनी उघडी. थंडीने ही मरत नाहीत, ओल्याने मरतात, असं ती म्हणायची. निदान असं काहीतरी म्हणायची. त्याला वाक्य आठवत होतं, पण ते ऐकलं होतं की नुसतं कानावरून गेलं होतं हे सांगता येत नव्हतं. डिसेंबरात तो बागेत आला तेव्हा वारा नदीकडून वर येत होता. काच शोधली तर एका कोपऱ्याला फुटलेली. ती चंदेरी उशी उघड्यावर बसली होती आणि त्याला हॉस्पिटलमधले तिचे पाय आठवले. शेवटच्या आठवड्यात तिला फार थंडी वाजायची. ती म्हणाली होती, "अजून एक ब्लँकेट माग ना रे." नर्स कोपऱ्यातल्या टेबलाशी काहीतरी लिहीत बसली होती. तो दारापर्यंत गेला. नर्सने मान वर केली नाही. कामात असलेल्या माणसाला हाक मारायची त्याला लहानपणापासून चोरी. तो परत आला आणि स्वतःचा कोट तिच्या पायांवर घालून म्हणाला, "मिळेल थोड्या वेळाने." तिने नुसतं कोटाकडे पाहिलं. एक ब्लँकेट मागता आलं नाही, हे तो नंतर कुणालाही सांगू शकला नव्हता. सांगण्यासारखं त्यात होतंही काय? म्हणून डिसेंबरात तो दुकानात गेला, फुगेफुगेवालं जाड प्लास्टिक घेऊन आला, दुहेरी केलं आणि नापिवळीला सगळ्या बाजूंनी लपेटलं. वाऱ्याला शिरायला एक फट राहू दिली नाही. कडेने दगड ठेवले. हात गारठले होते, पण मनाला बरं वाटलं होतं. त्या हिवाळ्यात तेवढं एकच काम आपण नीट केलं असं तो समजत होता. मग फेब्रुवारीत कडक ऊन पडलं. प्लास्टिकच्या आत ती शिजली आणि मग कुजली. ती आत शिजत होती तेव्हा तो चौथ्या मजल्यावरच्या घरात टीव्हीवर स्कीइंग बघत होता.

दुपारी फोन वाजला. स्मेकालबाई, खडकवाल्यांच्या मंडळाच्या अध्यक्षा. डोंगरी फुलं लावणाऱ्या या लोकांना तो पहिल्यापासून खडकवाले म्हणत असे, आणि लिबुशेलाही ते आवडे. स्मेकालबाईंचा आवाज कायम मैदानापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखा.

"ओल्द्रिख, कसे आहात? जेवताय ना नीट? टिनच्या डब्यातलं खाऊ नका हं नुसतं. ऐका, एप्रिलचं प्रदर्शन. आम्ही ठरवलंय, दारातून आत आलं की पहिलंच टेबल लिबुशेचं. तिची ती उशी मधोमध. आणि नाव देऊन टाकू तिला. लिबुशे. दुसरं कुठलं देणार? कार्ड मी छापून घेतेय. फुलली आहे ना?"

तो खुर्चीत सरळ झाला. "फुलली आहे," तो म्हणाला.

"भरपूर?"

"भरपूर."

"मला ठाऊकच होतं! काही लोक म्हणत होते, नवऱ्याला काही कळत नाही, घालवेल तो. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा."

फोन ठेवल्यावर त्याला आपल्या आवाजाचं नवल वाटलं. किती सहज निघाला तो. लिफ्टच्या कामात लोक विचारायचे, सुरक्षित आहे ना? तेव्हाही तो असाच म्हणायचा, आहे. पण तेव्हा लिफ्ट खरंच सुरक्षित असायची. मग ते काही लोक कोण असतील याचा विचार तो करत बसला, आणि त्याच्यासमोर एकच चेहरा आला, लांब, स्वच्छ दाढी केलेला, चष्म्याला दोरी लावलेला. ह्लावसा. औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेला, लॅटिन नावं बोलणारा माणूस. लिबुशेच्या बागेत आला की तो आधी झाडांना नमस्कार केल्यासारखा वाकायचा आणि मग माणसांना. ओल्द्रिखला तो कधीच आवडला नाही. त्याने काही वाईट केलं होतं असं नाही. तो आला की लिबुशे वेगळीच बोलायची, भराभर, मधेमधे लॅटिन शब्द टाकत, आणि ओल्द्रिखला कॉफी करायला आत जावं लागायचं. आतून त्याला दोघांचं हसणं ऐकू यायचं. ते त्याच्यावर हसत नसत, हे त्याला माहीत होतं. पण कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर येताना मान खाली जायचीच.

हे सगळं असलं तरी गेल्या मे महिन्यात जे घडलं त्याचं हे कारण नव्हतं. लिबुशेला पोचवून झालं, खानावळीत सगळे जेवले, शेपूच्या पांढऱ्या रश्श्यातलं मांस आणि उकडलेले पिठाचे गोळे, आणि मग रीतीप्रमाणे कुणीच घरी जाईना. स्मेकालबाई म्हणाल्या, बागेत जाऊ, लिबुशेला आवडलं असतं. काळे कपडे घातलेली वीसेक माणसं दगडांमधल्या चिंचोळ्या वाटांवरून जपून चालत होती. यार्मिलाने खसखशीचे गोड पाव आणले होते. प्लमच्या दारूची बाटली हातोहात फिरत होती. ओल्द्रिखने दोन पेले घेतले होते, कदाचित तीन. डोकं हलकं झालं होतं, सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं. आणि त्याला दिसलं की ह्लावसा नापिवळीपाशी गुडघे टेकून बसलाय. चांगल्या काळ्या पँटमध्ये, खडीवर. फुलं संपली होती, नुसती चंदेरी उशी. ह्लावसाने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, खिशातून छोटा चाकू काढला, कडेला काहीतरी केलं आणि मूठ मिटली. बस, एवढंच. पण ते इकडेतिकडे बघणं. ओल्द्रिख वाटेतल्या माणसांना बाजूला करत गेला आणि त्याने त्याचं मनगट धरलं.

"काय आहे मुठीत?"

ह्लावसाने वर पाहिलं. "ओल्द्रिख, ऐका जरा..."

"मूठ उघडा."

"इथे नको. आपण बाजूला जाऊ."

"बाजूला कशाला? चोरी इथे करता येते आणि मूठ बाजूला जाऊन उघडायची? तिची माती अजून ओली आहे, आणि तुम्ही! बघा रे सगळ्यांनी, बघा, तुमचे शिकलेले लोक!"

कुणाच्या तरी हातातला पेला दगडावर ठेवल्याचा आवाज आला. ह्लावसाने मूठ उघडली. तळव्यावर पानांचे बारीक गोल फुटवे होते, शर्टाच्या बटणांएवढे, प्रत्येकाला केसाएवढा देठ. ओल्द्रिखने खालून त्याच्या हाताला फटका मारला. फुटवे खडीत उडाले. ह्लावसा उठला. गुडघ्यांना पांढरी धूळ लागली होती, ती त्याने झटकली नाही. टोपी घातली, स्मेकालबाईंकडे बघून मान हलवली आणि फाटकाबाहेर गेला. फाटक लावताना खिट्टी नीट बसली की नाही हे त्याने पाहिलं. ओल्द्रिख तिथेच उभा होता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला फार बरं वाटत होतं. हॉस्पिटलपासून पहिल्यांदाच त्याने कुणाला तरी काहीतरी मोठ्याने सांगितलं होतं.

फोननंतरच्या दिवसांत तो रोज बागेत गेला. पहिल्या दिवशी कुजलेली उशी काढली आणि कंपोस्टच्या ढिगात खोल पुरली, वर कोबीची पानं टाकली. फटीत राहिलेला काळा चिखल चमच्याने काढला. तिचा सूपचा चमचा होता तो, बागेतच ठेवलेला. मग त्याच्या मनात आलं, ते मेमधले फुटवे. खडीत पडलेले. एखादा रुजला असेल. दगडातच वाढणारं झाड, खडीत का नाही रुजणार? तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक खडा बाजूला करत गेला. शेवाळ निघालं, सिगारेटचं थोटूक निघालं, एक मणी निघाला. गुडघे दुखायला लागले. पँटला पांढरी धूळ लागली, ती पाहून तो थांबला, आणि तेवढ्यात कुंपणावरून यार्मिलाचा आवाज आला.

"काय हरवलंय रे?"

"स्क्रू."

"दगडांत स्क्रू! बाई गं. चष्मा लाव मग. चष्म्याशिवाय तुला स्वतःचं नाक सापडत नाही." ती कुंपणावर कोपरं टेकून उभी राहिली. ती मांस विकणाऱ्या दुकानात काम करून निवृत्त झाली होती, दंड अजून तसेच होते. "मेली ना?"

त्याने हातातला खडा खाली ठेवला.

"मला माहीत आहे मेली. ते प्लास्टिक घातलंस तेव्हाच मला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला? मेमधला तुझा चेहरा पाहिला होतास का तू? त्यानंतर तुला कोण काय सांगणार? स्मेकाल एवढी तोंडाळ, तीही घाबरते."

"तो चोरी करत होता, यार्मिला. सगळ्यांनी पाहिलंय."

यार्मिलाने कात्री कुंपणाच्या खांबावर अडकवली. ती त्याच्याकडे बघत राहिली. लहान मुलाने चड्डी ओली केली की बघतात तसं.

"अरे येड्या, करतच होता. चोरीच करायची असते. इतकी वर्षं या लोकांत राहिलास आणि तुला एवढं माहीत नाही?"

त्याला माहीत होतं. तिने वाक्य पुरं करायच्या आत त्याला कळलं की आपल्याला हे माहीत होतं. चोरून आणलेला फुटवा चटकन मूळ धरतो, मागून आणलेला रुसतो, असं हे सगळे खडकवाले मानत. थट्टेत मानत आणि खरंही मानत. दुसऱ्याच्या बागेत गेलं की लिबुशे त्याला कोपराने ढोसायची, "त्यांच्याशी लिफ्टबद्दल बोल काहीतरी," आणि तो बोलायचा, आणि मालक मुद्दाम पाठ करून उभा राहून ऐकायचा, आणि घरी येताना तिच्या पर्समध्ये ओल्या रुमालात काहीतरी असायचं. डावीकडे पाहायचं, उजवीकडे पाहायचं, हा खेळाचाच भाग होता. किती वेळा हसले होते ते दोघं ट्राममध्ये. हे सगळं आठवत असताना तो मे महिन्यातल्या त्या दुपारी एवढंच कसं विसरला?

"तिनेच सांगितलं होतं त्याला," यार्मिला म्हणाली. "माझ्यासमोर. हॉस्पिटलात जायच्या आधी, इथेच, या कुंपणापाशी. म्हणाली, ह्लावसा, मी गेले की नापिवळी चोरा हं, माती टाकून झाली की त्याच दिवशी. हसत होती. तो रडायला लागला तर त्यालाच म्हणाली, चोर रडत नसतात."

"मला का नाही सांगितलं?"

यार्मिलाने खांबावरची कात्री काढून घेतली. उत्तर त्यालाच ठाऊक होतं. लिबुशे म्हणाली असती, माझा ओल्दा ती घालवेल. प्रेमाने म्हणाली असती, जेवणात मीठ कमी आहे हे म्हणावं तसं. आणि त्याने घालवलीच. आपल्या बायकोने आपल्याला इतकं नेमकं ओळखलं होतं, आणि ते ओळखणं तिने आपल्यापासून लपवून दुसऱ्याच्या हाती दिलं, यात दुःख कुठे आणि लाज कुठे हे त्याला वेगळं करता येईना.

"सगळे गेल्यावर मी उचलले ते," यार्मिला म्हणाली. "दिसले तेवढे. पावांच्या डब्यात ओला कागद घातला आणि त्याच्या घरी नेऊन दिले. एकच जगला. जा त्याच्याकडे. माग."

"तो देईल?"

"तू माग तर."

तो गेला. दुसऱ्या दिवशी, स्वच्छ शर्ट घालून. ह्लावसा वसाहतीतल्या जुन्या इमारतीत राहत होता, सहाव्या मजल्यावर. दाराशी घंटांच्या ओळीत नाव होतं. त्याने घंटी दाबली नाही. एक बाई कुत्र्याला घेऊन बाहेर आली, तिच्यामागून तो आत शिरला. लिफ्ट ओळखीची होती, याच कंपनीच्या लिफ्ट तो आयुष्यभर दुरुस्त करत आला होता. दार लागताना होणारा तो दुहेरी खटका, म्हणजे वरचं कुलूप झिजलंय. त्यावर त्याचं मन जरा स्थिर झालं. सहाव्यावर दार उघडलं तेव्हा ह्लावसाच्या घराचं दार समोरच होतं, बाहेर दोन जोडे, पुसून ठेवलेले, आणि पायपुसण्याशेजारी रिकाम्या कुंड्या एकात एक घातलेल्या. आतून रेडिओ ऐकू येत होता. काय म्हणायचं हे त्याने ट्राममध्ये ठरवलं होतं. माझं चुकलं. दोन शब्द. मग फुटव्याचं बोलायचं. पण आता इथे उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो माफी मागायला आलेलाच नाही. त्याला फुटवा हवा होता. उशी जिवंत असती, फोनवर खोटं बोललो नसतो, तर आपण या मजल्यावर कधी आलो असतो? नसतो. आणि ह्लावसाला हे दार उघडताच कळणार. माफी म्हणजे नुसतं वेष्टन, आत मागणं. रेडिओ बंद झाला. आत कुणीतरी खुर्ची सरकवली. ओल्द्रिख लिफ्टमध्ये मागच्या मागे गेला आणि त्याने तळमजल्याचं बटण दाबलं. खाली जाताना आरशात त्याला आपला स्वच्छ शर्ट दिसला, कॉलरला इस्त्री न लागलेली एक घडी राहिली होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो बागेत गेला तर खोपटाच्या पायरीवर एक कुंडी होती. मातीची, चहाच्या कपाएवढी, बारीक खडी भरलेली. मधे चंदेरी पानांचा छोटासा झुबका आणि त्यावर एकच फूल. तो पायरीवर बसला. आज त्याच्या हातात वेळ होता, शिडी नव्हती, नंतर म्हणायला काही नव्हतं. त्याने ते फूल पहिल्यांदाच नीट पाहिलं. पाकळीच्या मुळाशी रंग गडद होता आणि कडेला जाईपर्यंत विरत होता. जर्दाळू वगैरे काही नाही, ती तुलना चूकच होती. लिबुशे बरोबर म्हणाली होती, ही पिवळी नाही, याहून जास्त काही सांगता येत नव्हतं.

"काल संध्याकाळी ह्लावसा ठेवून गेला," यार्मिला कुंपणापलीकडून म्हणाली. "मी म्हटलं, थांबा, उद्या येईल तो. नाही म्हणाला. म्हणाला, मध्ये एकदा लिफ्टने माणूस माझ्या दारापर्यंत आला आणि तसाच खाली गेला असं वाटलं."

"मी आभार मानायला जातो त्यांचे."

"खबरदार! झाडाचे आभार मानायचे नसतात, मरतं ते. एवढं तरी लक्षात ठेव."

त्याला सुटल्यासारखं वाटलं. मानायचे नसतात. रीतच आहे. दुसऱ्या दिवशी तो कुंडी दोन्ही हातांत धरून ट्राममध्ये बसला आणि सगळा रस्ताभर त्या रीतीच्या आड बसून राहिला, आणि आपण आड बसलोय हेही त्याला दिसत होतं.

प्रदर्शन शाळेच्या व्यायामशाळेत होतं. भिंतीला दोरखंड लटकत होते, जमिनीवर खेळाच्या रंगीत रेषा, आणि टेबलांवर तबकांतून आणि कुंड्यांतून डोंगरी फुलं, निळी, पांढरी, गुलाबी. ओल्या मातीचा आणि सॉसेजचा वास येत होता. दारातलं पहिलं टेबल रिकामं होतं, हिरवी चादर घातलेलं, मधोमध कार्ड. स्मेकालबाई हात पसरून पुढे आल्या आणि कुंडी पाहून थबकल्या.

"एवढीशी? आणि ती मोठी?"

ट्राममध्ये बसल्यापासून हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. उत्तर त्याने ठरवलं नव्हतं. ते आपोआप आलं. "मोठी हलवण्यासारखी नाही. फटीत रुतून बसलीय. म्हणून फुटवा आणला."

"तुम्ही लावलात? स्वतः?" आता सगळे जमले होते. कुणीतरी चष्मा वर करून वाकलं. "फुटव्याला पहिल्याच वर्षी फूल! ओल्द्रिख, अहो, आम्हाला दोन-दोन वर्षं लागतात. कसा लावलात? वाळू कुठली?"

टेबलाच्या पलीकडे ह्लावसा उभा होता. कधी आला ते कळलं नाही. हातात कागदी पेल्यात कॉफी. ओल्द्रिखने त्याच्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. त्याने बोलावं. सगळ्यांसमोर बोलावं, मूठ उघड म्हणावं. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. ह्लावसाने कॉफी खाली ठेवली, बोटाच्या टोकाने कुंडी किंचित फिरवली, फूल दाराकडे तोंड करून आलं.

"नदीची वाळू," तो म्हणाला. "धुतलेली. मी विचारलं होतं त्यांना. आणि सावलीत ठेवायचं उन्हाळाभर. त्यांच्या हाताला चांगलं लागतं झाड."

"बघा!" स्मेकालबाई ओरडल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. कुणीतरी ओल्द्रिखच्या हातात प्लमच्या दारूचा पेला दिला. "लिबुशेच्या नावाने!" सगळे प्याले. तोही प्याला. घशात आग गेली. ह्लावसाने त्याच्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात हलवतात तेवढीच, आणि पुढच्या टेबलाकडे गेला, आणि तिथे आधी झाडांना वाकला. ओल्द्रिख हिरव्या चादरीपाशी उभा राहिला. ह्लावसाची पाठ दिसत होती, पाच पावलांवर. जाऊन खांद्याला हात लावायचा. माझं चुकलं. लोक मधे येत होते, अभिनंदन करत होते, वाळूबद्दल विचारत होते, आणि तो उत्तरं देत होता. नदीची, धुतलेली. सावलीत. शब्द तोंडात बसत चालले होते, आपलेच असल्यासारखे.

नंतर पाहिलं तर ह्लावसा घरी गेलेला होता.

कार्डावर झाडाचं नाव लिबुशे असं छापलंय आणि खाली, लावणारा म्हणून, ओल्द्रिखचं. मोठी उशी मेली हे यार्मिला आणि ह्लावसा सोडून कुणाला माहीत नाही. स्मेकालबाई जूनमध्ये बागेत येऊन तिचे फुटवे नेणार आहेत, सगळ्यांना वाटायला. त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. आणि ह्लावसाची माफी मागायची राहिली आहे.